चार महिने वर्गात, चार महिने कंपनीत : सिनसिनाटी, वॉटर्लू आणि आपलं सातपूर-अंबड

तपोवनकर

कॅनडाला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली 'को-ऑप' हा शब्द असतो. शिकता शिकता कंपनीत पगारी काम करायचं आणि ते काम पदवीचाच भाग धरलं जायचं. कॉलेज रोडवरचे एजंट हे अशा थाटात सांगतात की जणू काल-परवा निघालेली सवलत आहे. प्रत्यक्षात ही कल्पना एकशे वीस वर्षांची आहे. तिचा इतिहास वाचताना मला सारखं आपल्या नाशिकचं कारखान्यांचं सातपूर-अंबड दिसत राहिलं, म्हणून हा धागा.

ही कल्पना ज्याची, तो हर्मन श्नायडर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला माणूस. लीहाय विद्यापीठात शिकला आणि तिथेच शिकवायला लागला. शेजारी बेथलेहेमचा पोलाद कारखाना. त्याच्या लक्षात आलं की पदवी घेतलेल्यांपैकी जे कामाला चटकन लागतात, त्यांनी शिकत असताना कुठे ना कुठे काम केलेलं असतं, बहुतेकांनी पैशाच्या गरजेपोटी. दुसरं असं, की कॉलेजच्या वर्कशॉपसाठी कितीही महागडं यंत्र घेतलं तरी कारखान्यातली यंत्रं थोड्याच वर्षांत त्याच्या पुढे जातात. मग कारखाना कॉलेजात आणायचा खटाटोप कशाला? पोरांनाच तिकडे धाडावं.

१९०३ साली तो ओहायोतल्या सिनसिनाटी विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवायला आला. हे शहर तेव्हा मशीन टूल्सचं मोठं केंद्र होतं. लेथ, मिलिंग, ड्रिलिंगची यंत्रं तिथे बनत आणि कुशल माणसांची चणचण कायमची. थोडक्यात, त्याला हवं होतं ते गाव मिळालं. तरी विद्यापीठाच्या विश्वस्तांना पटवायला तीन वर्षं गेली. शेवटी त्यांनी जो ठराव केला तो मजेशीर आहे : एक वर्ष करून बघा, फसलं तर हे मंडळ जबाबदार राहणार नाही. (सरकारी टिपणी लिहिणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही सारखाच.)

१९०६ मध्ये २७ मुलांवर हा प्रयोग सुरू झाला : मेकॅनिकलची बारा, इलेक्ट्रिकलची बारा आणि केमिकलची तीन. मुलांच्या जोड्या लावल्या. एक आठवडा जोडीतला एक वर्गात आणि दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. म्हणजे कारखान्यातली जागा एक दिवसही रिकामी नाही. मालकाला 'विद्यार्थी येतो-जातो' हा त्रासच नाही, त्याच्या दृष्टीने जोडी म्हणजे एक पूर्णवेळ माणूस. आठवड्याचा हा फेरा पुढे लांबत गेला, पण जोडीचं तत्त्व बरीच वर्षं टिकलं. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे समन्वयक. श्नायडरने विद्यापीठाच्या पगारावर अशी माणसं नेमली जी अर्धा दिवस कॉलेजात आणि अर्धा दिवस कारखान्यांतून फिरत. कोणता मुलगा कुठल्या यंत्रावर आहे, एकाच कामावर अडकून पडलाय का, फोरमन काय म्हणतो, हे बघायचं आणि परत येऊन त्या कामामागचं गणित-विज्ञान वर्गात घ्यायचं. श्नायडर पुढे १९२९ ते १९३२ विद्यापीठाचा अध्यक्षही झाला.

तिथून ही पद्धत पसरली. बोस्टनमध्ये आज जे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे तिथे १९०९ ला, ड्रेक्सेलमध्ये १९१९ ला. १९२१ ला ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजने तर इंजिनिअरिंग सोडून साहित्य-तत्त्वज्ञानाच्या मुलांनाही कामाला पाठवलं.

आता वॉटर्लू. कॅनडातलं किचनर-वॉटर्लू हे टायर, बूट, फर्निचर आणि विम्याचं जुळं गाव. तिथल्या बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीचा प्रमुख आयरा नीडल्स याने ऑगस्ट १९५६ मध्ये रोटरी क्लबात भाषण केलं : देशाला दीड लाख इंजिनिअर लागणार आहेत, आणि आहे त्या पद्धतीने ते तयार होणार नाहीत. त्याच कंपनीत पूर्वी काम केलेला जेराल्ड हेगी तेव्हा वॉटर्लू कॉलेजचा अध्यक्ष होता. दोघांनी मिळून जुलै १९५७ मध्ये ७४ विद्यार्थी घेऊन को-ऑप इंजिनिअरिंग सुरू केलं, तेही तात्पुरत्या उभारलेल्या इमारतीत. १९५९ ला त्याचं विद्यापीठ झालं. जुन्या विद्यापीठांनी नाकं मुरडली की ही कसली पदवी, हे तर कामगार घडवणं झालं. आज त्याच विद्यापीठात वीस हजारांहून जास्त मुलं को-ऑपमध्ये आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. या दोन्ही ठिकाणी मुलाला काम शोधून देण्याची व्यवस्था आणि तो तिथे काय शिकतो यावर नजर, हे विद्यापीठाने आपल्या अंगावर घेतलं. आपल्याकडे कॉलेज मुलाच्या हातात लेटरहेडवरचं पत्र देतं आणि मोकळं होतं. अप्रेंटिसशिपचा कायदा आपल्याकडे आहे, कारखाने आहेत, पोरं आहेत. मधला माणूस नाही. तुमचे अनुभव काय?

---

आयटीआय_सातपूर

मधला माणूस आमच्या वेळी होता बरं का. मी आयटीआयचा, फिटर ट्रेड. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आमच्यासाठीच आला. कंपनीत ट्रेनिंग ऑफिसर असायचे, रोजची डायरी त्यांची सही झाल्याशिवाय पुढे सरकायची नाही. सहा महिने बेंच वर्क, फाइल घासून हात सोलून निघायचे, मग मशीन शॉप, मग असेंब्ली. शेवटी अखिल भारतीय परीक्षा. ओझरला विमानांची एचएएल, त्र्यंबक रोडला मायको (आताची बॉश), नाशिकरोडला नोटांचा प्रेस. या ठिकाणी अप्रेंटिसशिप मिळाली की घरात पेढे वाटायचे.

फरक एवढाच की ते शिकून झाल्यावरचं होतं. तुम्ही सांगताय तसं आलटून पालटून नव्हतं. आणि डिग्रीवाले त्यात नव्हतेच. इंजिनिअर आणि डिप्लोमावाल्यांना १९७३ च्या दुरुस्तीने आत घेतलं.

---

मृण्मयी_गंगापूररोड

छान लेख, तपोवनकर. भारतात असं झालंच नाही असं मात्र नाही हं. पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालवलंय, सी. आर. मित्रा संचालक असताना सुरू झालं. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साडेपाच महिने. महत्त्वाचं म्हणजे तिथे बिट्सचा प्राध्यापक त्या कंपनीच्या ठिकाणी मुलांबरोबर असतो, मूल्यमापन तो करतो, आणि मिळणारी श्रेणी इतर विषयांसारखीच गुणपत्रिकेत येते. म्हणजे तुमचा समन्वयक!

माझा भाचा तिथे होता. त्याच्या प्रॅक्टिस स्कूलच्या जागेचं वाटप संस्थेने केलं, त्याने एकाही कंपनीचं दार स्वतः ठोठावलं नाही.

---

खवचट_खानदेशी

एवढं लांब कशाला जायचं भो. आमच्या पुतण्याने इंजिनिअरिंगला 'इंटर्नशिप' केली. पैसे भरून. ऑनलाइन. घरी पलंगावर लोळत. सर्टिफिकेटवर सोनेरी बॉर्डर होती पण, खोटं नाही बोलणार.

---

रेवती_जे

@खवचट_खानदेशी, हसू नका, मी त्याच्या पलीकडच्या काठावर आहे. एम.एस्सी. करतेय. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला 'ओजेटी' आहे, ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिटचं. कल्पना वाईट नाहीच. पण वर्गातल्या सगळ्या मुली एकाच महिन्यात शहरभर लॅब शोधत फिरतात. कॉलेजने दिलेलं पत्र घेऊन मी सातपूर, अंबड, सिन्नर पालथं घातलं. अर्ध्या ठिकाणी वॉचमनच्या पुढे जाता आलं नाही. शेवटी ओळखीतून एका छोट्या लॅबमध्ये जागा मिळाली. तिथे मी जास्त वेळ नमुन्यांच्या बाटल्यांना लेबलं लावली. कॉलेजमधून कोणी बघायला आलं नाही. अहवाल लिहिला, तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले, क्रेडिट मिळाले.

माझा प्रश्न असा आहे की सिनसिनाटीत मुलगा लेबलंच लावत बसला असता तर समन्वयकाने नेमकं काय केलं असतं?

---

तपोवनकर

@रेवती_जे, चांगला प्रश्न. समन्वयकाच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, कारखान्याशी ठरलेला क्रम : फाउंड्रीपासून सुरुवात, मग मशीन शॉप, मग ड्रॉइंग ऑफिस, असा वर चढत जाणारा. मुलगा एका पायरीवर अडकला की तो फोरमनशी भांडू शकत होता, कारण भांडण मुलाचं नसून विद्यापीठाचं असे. दुसरं हत्यार जास्त धारदार : ऐकलं नाही तर पुढची जोडी त्या कारखान्याला द्यायचीच नाही. तुमच्या लॅबला अशी भीती कोणाची आहे? पुढच्या वर्षी पत्र घेऊन दुसरी मुलगी येणारच आहे.

@मृण्मयीताई, बिट्सची भर मोलाची. पण तिथे फी भरणारी निवडक मुलं आणि संस्थेची देशभर वट. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या कॉलेजला ते कसं जमायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

---

अंबड_व्हीएमसी

कारखानदाराची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. माझं छोटं युनिट आहे, व्हीएमसी आणि सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे भाग बनवून देतो. मुलं येतात चार आठवड्यांसाठी. पहिला आठवडा गेटपास, सेफ्टी शूज आणि 'सर, कॅन्टीन कुठे आहे' यात जातो. दुसऱ्या आठवड्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर धरायला शिकवतो. तिसऱ्या आठवड्यात जरा हात बसतो, तेवढ्यात कॉलेजची सबमिशन येतात आणि पोरगा गायब. मी त्याला मशीनवर का उभा करू? एक ऑफसेट (मशीनला द्यायचं हत्याराचं माप) चुकला तर स्पिंडल ठोकला जातो. माझा सेटर त्याला शिकवण्यात जो वेळ घालवतो त्या वेळात माझा जॉब थांबलेला असतो, आणि डिस्पॅचला ग्राहक फोनवर बसलेला.

उलट सहा महिन्यांसाठी येणारा मुलगा असेल तर दुसऱ्या महिन्यापासून तो माझ्या कामाचा. त्याला मी आनंदाने पगार देईन. जोडीची आयडिया वाचून तर मी बायकोला हाक मारून दाखवली (हिशेब तीच बघते). एक गेला की दुसरा त्याच मशीनवर. असं कोणी देत असेल तर मी उद्या घेतो.

बाकी कायद्याबद्दल थोडं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. माझ्यासारख्या त्याहून लहान युनिटला ऐच्छिक. पदवी-डिप्लोमाच्या अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड जो ठरलाय त्यातला अर्धा वाटा सरकार देतं. पण तो अप्रेंटिस म्हणजे पास होऊन बसलेला मुलगा. शिकत असलेला मुलगा त्या चौकटीत बसवायचा तर कॉलेजचा अभ्यासक्रमच तसा पाहिजे.

---

मृण्मयी_गंगापूररोड

यूजीसीने २०२० मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात की, पदवीच्या आतच अप्रेंटिसशिप. बी.व्होक. ही व्यवसाय शिक्षणाची पदवी त्याहून आधीची. दार उघडं आहे, आत जाणारे कमी.

---

अण्णा_सिन्नर

सगळ्यांचं वाचलं. अमेरिका-कॅनडा ठीक आहे, पण महाराष्ट्राच्या धाग्यावर कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव यायला इतका वेळ लागावा याचं नवल वाटलं. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली त्या माणसाने. १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेच 'कमवा आणि शिका' या पायावर. मुलांनी खडी फोडली, विहिरी खणल्या, शेती केली आणि पदव्या घेतल्या. आमच्या विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेला आज त्यांचंच नाव आहे. मी स्वतः त्या योजनेत कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घातली आहेत, त्यावर मेसचं बिल भागायचं. आणि १९३७ ला वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, ती विसरलात काय?

---

तपोवनकर

अण्णा, विसरलो नाही, मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. कर्मवीरांच्या योजनेचा हेतू असा की ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याचं शिक्षण थांबू नये, आणि श्रमाची लाज जावी. काम कुठलंही चालेल. रसायनशास्त्राच्या मुलाने बागेला पाणी घातलं तरी योजना यशस्वीच. श्नायडरकडे काम हाच अभ्यासाचा भाग : इलेक्ट्रिकलच्या मुलाने मोटर वाइंडिंगच करायचं. नई तालीम यात श्नायडरच्या जास्त जवळची, कारण तिथे सूत कातता कातता गणित आणि भूगोल शिकवायचा होता, पण ती शाळेच्या वयासाठी.

माझ्या मते समतेच्या बाबतीत कर्मवीर श्नायडरच्या पुढे होते. श्नायडरची योजना कारखाने असलेल्या शहरातच चालू शकत होती. कर्मवीरांची माळरानावर चालली.

---

अण्णा_सिन्नर

हे मान्य. शेवटच्या दोन वाक्यांसाठी तुम्हाला सिन्नरला आल्यावर चहा लागू.

---

किचनर_ते_काठेगल्ली

मी मूळची काठे गल्लीची, आता किचनरला. मुलगी वॉटर्लूला शिकते, म्हणून आतलं थोडं सांगते. चार महिने टर्म, चार महिने काम असा फेरा. बहुतेक को-ऑप शाखांत पाच वर्क टर्म लागतात, म्हणून चार वर्षांची पदवी पाच वर्षांवर जाते. दर वेळी मुलं विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज करतात, मुलाखती देतात, मग कंपनी आणि विद्यार्थी दोघेही एकमेकांना क्रम देतात आणि त्यावरून जुळणी होते. टर्म संपली की कंपनी मुलाचं मूल्यमापन करते. अहवाल लिहावा लागतो.

आता एजंट सांगत नाहीत ते. काम मिळेलच अशी हमी नाही! पहिली वर्क टर्म सगळ्यांत अवघड, कारण अनुभव शून्य. मुलीने पहिल्या वेळी इतके अर्ज केले की जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. दर चार महिन्यांनी बाडबिस्तरा उचलायचा, कधी टोरांटो, कधी आणखी कुठे, भाड्याची खोली पुन्हा शोधायची. मैत्रिणींचा अर्धा गट कायम बाहेरगावी. बाजारात मंदी आली की पहिल्यांदा को-ऑपच्याच जागा आटतात. को-ऑपची वेगळी फी असते, ती काम मिळो न मिळो भरावी लागते.

एवढं असून मी म्हणेन, चौथ्या टर्मला ती जी मुलगी होती ती पहिल्या टर्मची नव्हती. बॉसला 'हे मला समजलं नाही, पुन्हा सांगा' असं म्हणायला ती वर्गात कधीच शिकली नसती.

---

खवचट_खानदेशी

ताई, एक सांगा. तिकडे सर्टिफिकेटला सोनेरी बॉर्डर असते का?

---

किचनर_ते_काठेगल्ली

नाही हो भाऊ, पगाराची स्लिप असते 😄

---

आयटीआय_सातपूर

एक बाजू राहिली. शिकून कामाला लागायचं म्हणतो तसं कामाला लागून शिकणाऱ्यांचंही नाशिक आहे. आमच्या शॉपमधले कितीतरी जण शिफ्ट सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९८९ ला विद्यापीठ आलं ते आपल्याच गंगापूर धरणाच्या वाटेवर. रविवारी अभ्यासकेंद्रात वर्ग, रात्रपाळीत पुस्तक डब्याच्या पिशवीत. मात्र आम्ही लेथवर जे करत होतो त्याचा पदवीत एकही गुण धरला गेला नाही. वीस वर्षांच्या फिटरला 'कार्यानुभव' म्हणून काही मिळायला नको का?

---

तपोवनकर

या मुद्द्यावर वेगळा धागा काढा, काका. मनापासून सांगतो.

अमेरिकेच्या इतिहासातला एक तुकडा राहिला होता, तो @अंबड_व्हीएमसी यांच्या अनुदानाच्या मुद्द्याशी जोडून देतो. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या केंद्र सरकारने को-ऑपसाठी कॉलेजांना पैसे द्यायला सुरुवात केली. शेकडो कॉलेजांनी फलक लावले. नव्वदच्या दशकात तो निधी बंद झाला आणि त्यातली बरीच दुकानं मिटली. सिनसिनाटी, नॉर्थईस्टर्न, ड्रेक्सेल टिकली, कारण त्यांचं वेळापत्रक, प्राध्यापकांची भरती, वसतिगृहं, सगळंच कामाच्या फेऱ्याभोवती बांधलेलं होतं. अनुदानाच्या जोरावर जागा मिळतात, पण वेळापत्रक कोणी बदलत नाही. आपल्याकडेही पाणी तिथेच मुरतंय.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

वेळापत्रकाचं काढलंत म्हणून लिहितो, एरवी मी इथे वाचकच. कारखान्यांचं सगळे बोलताय, पण नाशिकची मोठी इंडस्ट्री बागेत आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत आणि पुढे जानेवारी ते मार्च पॅकहाउसला माणूस पुरत नाही. निर्यातीच्या मालाला औषधांच्या अंशाची तपासणी, प्रत्येक बागेची नोंद, मण्याचा आकार, साखर, प्री-कूलिंग, कोल्ड स्टोरेजचं तापमान. हे सगळं कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, अगदी कॉमर्सच्या मुलांच्या अभ्यासाचं आहे. वाइनरीचा हंगामही तोच. पण नेमक्या त्याच वेळी प्रॅक्टिकल परीक्षा! आणि मे महिन्यात मुलं विचारायला येतात, तेव्हा बागेत खरड छाटणी झालेली असते, दाखवायला द्राक्षाचा मणी नाही.

जोडी पद्धत इथे चालेल. एक गट ऑक्टोबर ते डिसेंबर बागेत, दुसरा जानेवारी ते मार्च पॅकहाउसला. मात्र परीक्षा दोनदा घ्याव्या लागतील.

---

रेवती_जे

दादा, लॅब आहे का तुमच्या पॅकहाउसला? मी गंभीरपणे विचारतेय.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

अंशाची तपासणी बाहेरच्या लॅबकडून करून घेतो. पण ब्रिक्स (साखरेचं माप), आकार, नमुना कसा काढायचा, नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं आमच्याकडेच होतं. डिसेंबरात निरोप करा. मैत्रीण असेल तर दोघी या. जेवण घरचं, आणि पैसे इतर मुलींना देतो तेवढे.

---

अंबड_व्हीएमसी

तपोवनकर, व्यवहाराचं बोलू. चार-पाच कॉलेजांनी मिळून एक समन्वयक ठेवला, सातपूर-अंबड-सिन्नर-दिंडोरी फिरणारा, तर त्याचा पगार कोण देणार?

---

तपोवनकर

वॉटर्लूत मुलांच्या को-ऑप फीमधून मोठा भाग निघतो, वरच्या ताईंनी सांगितलंच. आपल्याकडे मला वाटतं पहिली दोन-तीन वर्षं उद्योजकांच्या संघटनेने अर्धा द्यावा, अर्धा कॉलेजांनी. फायदा दोघांचा आहे. पगार संघटनेकडून येत असेल तर तो कारखान्यात हक्काने शिरू शकेल, आणि कॉलेजचा माणूस असल्याने मुलाच्या बाजूने बोलूही शकेल. मुलांकडून मात्र काम मिळाल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नये.

---

खवचट_खानदेशी

'को-ऑप फी' हा शब्द इथे लिहायला नको होता राव. उद्या कोणत्यातरी कॉलेजच्या माहितीपत्रकात तेवढाच उचललेला दिसेल.